विरजणाची माती

काचघरातला पहिला वाफा सर्वांत जुना होता. त्याची माती कधी बदललेली नव्हती, तिला कधी औषध पाजलेले नव्हते, कधी तापवलेलेही नव्हते. आणि त्यातली शेवंती दर हंगामात कमरेएवढी होऊन बहरत असे. बाकीच्या सगळ्या वाफ्यांची माती उपसून, चाळून, गरम वाफ सोडून निर्मळ केलेली होती. आणि त्यांतली कार्नेशनची झाडे मरत होती. ही मर, म्हणजे उभे झाड सुकवणारा रोग, प्रत्येक वाफ्यात एकाच जागेपासून सुरू होई: दाराकडच्या टोकापासून.

थोरलीला हे धाकट्या भावाने फोनवर सांगितले. ती दुसऱ्या शहरात वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. लोकांची मेलेली झाडे रोज तिच्या टेबलावर येत, आणि ती का मेली हे ती शांतपणे सांगत असे. घरच्या झाडांविषयी मात्र तिला आजवर कोणी विचारले नव्हते. बाबांच्या मते, शिकलेल्या माणसाला घरचे दुखणे दाखवणे म्हणजे चारचौघांत पाय उघडा करून जखम दाखवण्यासारखे होते.

"बाबांनी बोलावलंय का मला?" तिने विचारले.

"छे. ते म्हणतात, रोग माहीत आहे. रोग म्हणजे, त्यांच्या मते, मी."

ती त्याच आठवड्यात गेली.

काचघराच्या दारात औषधाच्या पाण्याने भरलेले पसरट घमेले होते. धाकट्याने ठेवलेले. आत जाताना प्रत्येकाने त्यात बूट बुडवायचे, अशी त्याची सक्त सूचना होती. बाबा कुरकुरत, पण बूट सगळ्यांत नेटाने तेच बुडवत. थोरली दारात उभी राहिली तेव्हा आतून त्यांचाच आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, आधी पाय! इथे मोठ्या शहराची माती चालत नाही."

"बूट नवे आहेत, बाबा."

"नवी तर त्याची रोपंसुद्धा होती."

धाकटा दोन ओळी पलीकडे फुलांच्या आधाराची जाळी ताणत होता. त्याने मान वर केली नाही.

आजारी झाड ओळखायला तिला वेळ लागला नाही. झाड एका अंगाने सुकले होते: अर्धी पाने पिवळट, लोंबलेली, आणि त्याच खोडावरची दुसरी बाजू अजून हिरवीगार, जणू तिला शेजारची बातमीच कळलेली नव्हती. कळी अर्धवट उमलून थांबली होती. थोरलीने खोड तिरके कापले. आत, जिथून पाणी वर चढते त्या नळ्यांची तपकिरी कड दिसत होती.

"मरच आहे," ती म्हणाली. "मातीतली बुरशी मुळांतून आत शिरते आणि नळ्या बुजवते. झाडाच्या पायाशी पाणी असतं, पण ते वर चढत नाही. तहानेनं मरतं."

"ते मला दिसतंय," बाबा म्हणाले. "आली कुठून, ते सांग."

"त्यासाठी विचारावं लागेल."

"विचार की. आरोपी हजर आहे."

आरोपीचा गुन्हा सर्वांना ठाऊक होता. आई गेली त्या वर्षी काचघराचा कारभार धाकट्याच्या हाती आला, आणि त्याच वर्षी त्याने बाबांच्या जुन्या ओळखीची रोपवाटिका सोडून दुसरीकडून रोपे आणायला सुरुवात केली. पुढच्या लागवडीपासून मर दिसू लागली. बाबांच्या हिशेबी एवढा पुरावा पुरेसा होता. थोरलीच्या हिशेबी एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी म्हणजे कारण आणि परिणाम नव्हेत. पण हे वाक्य तिने प्रयोगशाळेत जितक्या सहजपणे उच्चारले होते तितक्या सहजपणे तिला बापासमोर उच्चारता आले नाही.

जेवणाच्या टेबलावर तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. पाणी कुठले? विहिरीचे, सगळ्या वाफ्यांना एकच. खत? बंद पोत्यातले. कात्र्या? धाकट्याची बायको त्या रोज उकळत्या पाण्यात टाकत असे.

"आमच्या घरात चमचे इतके उकळले जात नाहीत," भावजय म्हणाली. "पाहुणे आले की मी त्यांना कात्रीनंच वाढावं म्हणते."

धाकटा हसला. बाबाही हसले असते, पण मुलगा आधी हसल्यामुळे त्यांनी तो विचार सोडला.

"वाफा भरताना मातीत अजून काय जातं?"

"चुना, खत, भुसा. बाकी काही नाही," धाकटा म्हणाला.

"बाकी काही नाही," बाबांनीही दुजोरा दिला. बऱ्याच दिवसांनी त्या दोघांचे एकमत झाले होते.

"आणि पहिला वाफा?" बाबांनी बोट उगारले. "त्याला यातलं एकही औषध नाही. बघ, कसा उभा आहे! तुझ्या आईच्या हातची माती आहे ती. तुमची ही निर्मळ माती मरते आणि ती जगते, याला काय म्हणशील?"

"काहीच म्हणणार नाही. तिथे शेवंती आहे. कार्नेशनवरची ही बुरशी शेवंतीला हात लावत नाही. त्यामुळे त्या वाफ्याचा पुरावा धरता येत नाही."

तिचे हे म्हणणे शास्त्राला धरून होते. पहिला वाफा साक्षीदार म्हणून निरुपयोगी ठरला, आणि तिने तो मनातून खोडून टाकला. ज्याची साक्ष ग्राह्य नाही त्याची झडती घ्यायला मात्र हरकत नसते, हे तिच्या त्या वेळी लक्षात आले नाही.

"तुझ्या हाताखालचा एक तरी रोगी आजवर बरा झालाय का गं?" बाबांनी ताट सरकवत विचारले.

"माझ्याकडे मेल्यावरच आणतात, बाबा."

"तेच म्हटलं."

रात्रीची आवरासावर चालली असताना धाकटा तिच्याजवळ ओट्याला टेकून उभा राहिला. फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याने त्याला गाडीवर चालक म्हणून बोलावले होते. हंगाम संपायच्या आत हो की नाही ते कळवायचे होते.

"तुला जायचंय?"

"मला कार्नेशन लावायचीत. दुसरं येतं काय मला?" तो म्हणाला. "पण बाबा म्हणाले, पुढच्या लागवडीला तुझा हात लागता कामा नये. हात न लावता कशी लावायची झाडं? ताई, माझ्यामुळे झालं असेल तर तसं सांग. मी जाईन. फक्त खरं काय ते सांग."

तिने खात्रीने सांगता येईल असा एकच मार्ग निवडला. प्रयोगशाळेत तपासून वाढवलेली निरोगी रोपे ती स्वतः पाठवणार होती. एक वाफा रिकामा करून, माती तापवून त्यांतली बरीच रोपे तिथे लावायची. उरलेली त्याच मातीने भरलेल्या कुंड्यांत, बाहेरच्या छपराखाली. पाणी एकच, खत एकच. वाफा जगला, तर धाकट्याने आणलेल्या रोपांवर संशय घ्यायला जागा होती. वाफा मेला, तर रोपवाटिका सुटली.

"आणि मेला तर दोष कोणाचा?" बाबांनी विचारले.

"ते पुढे शोधायचं."

"म्हणजे आणखी एक मुडदा," बाबा म्हणाले. पण कबूल झाले.

रोपे रुजली, वाढली, कळ्यांवर आली. धाकटा अधूनमधून फोन करी आणि झाडांविषयी अशा सावध आवाजात बोले, की जणू झाडे पलीकडून ऐकत होती. मग एका दुपारी त्याने नुसतेच विचारले, "येतेस का?"

वाफा दाराकडच्या टोकापासून सुकायला लागला होता. छपराखालच्या कुंड्यांतली झाडे ठणठणीत होती.

थोरली दोहोंच्या मध्ये उभी राहिली. एकच रोपे, एकच माती, एकच पाणी. कुंड्या जगल्या होत्या, म्हणजे रोपे निर्दोष होती आणि तापवलेली मातीही. वाफ्याला जे मिळाले आणि कुंड्यांना मिळाले नाही, असे काहीतरी होते. आणि ते काय हे विचारल्यावर घरातल्या प्रत्येकाने प्रामाणिकपणे "काही नाही" असे सांगितले होते.

"म्हणजे मी सुटलो?" धाकट्याने विचारले.

"रोपं सुटली," ती म्हणाली. नेमकेपणाची सवय किती निष्ठुर होऊ शकते, हे त्याचा चेहरा पाहिल्यावर तिला कळले.

बाबांनी तर्क बदलला. आता रोपांऐवजी बूट दोषी होते. घमेल्यातले पाणी धाकटा वेळेवर बदलत नसणार. त्याच्या पायाला काही लागले असणार. "याच्या पायगुणानं..." असे ते म्हणाले. भावजय हातातली कात्री टेबलावर ठेवून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली काचघरात गेली तेव्हा बाबा तिच्या आधी तिथे होते. शेजारचा वाफा नव्याने भरून तयार होता. बाबांनी दारातल्या घमेल्यात बूट बुडवलेले होते. त्यांचे ओले ठसे वाटेवर उमटले होते. ते ठसे सरळ पहिल्या वाफ्याकडे गेले होते. तिथे बाबा गुडघ्यांवर बसून शेवंतीच्या मुळाशी बोटे रुतवत होते. त्यांनी ओंजळभर माती काढली, खडा निवडावा तसा त्यातला एक काडीचा तुकडा वेचून फेकला, आणि भरलेली ओंजळ छातीशी धरून, एक कणही सांडणार नाही अशा चालीने ते नव्या वाफ्यापाशी आले. दाराकडच्या टोकाला त्यांनी ती माती ओतली आणि तळहाताने हलकेच पसरली.

हे त्यांनी लपून केले नव्हते. थोरली समोर उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहून मानही हलवली, आणि कपडे झाडून उठले.

तिने हे लहानपणापासून पाहिले होते. काचघर उभे राहिले तेव्हा पहिला वाफा आईने एकटीने केला होता. आणि तो असा काही फुलला, की दुसरा वाफा भरताना तिने पहिल्यातली ओंजळभर माती त्यात घातली. "विरजण आहे," ती म्हणे. "नवी माती बावळट असते. जुनीनं तिला शिकवायचं." पुढे प्रत्येक वाफ्याला ते विरजण लागले. थोरलीने स्वतः फ्रॉकच्या ओच्यातून ती माती नेलेली होती आणि वाटेत सांडल्याबद्दल धपाटाही खाल्लेला होता. मातीत काय काय जाते, हे तिने खोदून खोदून विचारले होते, आणि कोणीही खोटे बोलले नव्हते. चुना, खत, भुसा या घालायच्या वस्तू होत्या. विरजण ही वस्तू नव्हती. दार उघडण्याआधी किल्ली फिरवतात, तसे ते होते.

"कुंड्यांना नाही घातलंत?" तिने विचारले.

"कुंड्यांना कशाला? तो तुझा खेळ."

तिने नव्या वाफ्याच्या टोकावरची माती एका पिशवीत भरून घेतली. पहिल्या वाफ्यातली दुसऱ्या पिशवीत. बाबा बघत होते.

"आईची माती नेतेस? ने. तिथल्या लोकांना दाखव, माती कशी असते ती."

प्रयोगशाळेत तिने ती माती निरोगी रोपांच्या मुळाशी घातली, आणि तितकीच रोपे तिच्याशिवाय ठेवली. मग वाट पाहिली. तिच्या कामात वाट पाहण्याला पर्याय नसतो, आणि एरवी तिला ते आवडत असे. एखादा अंदाज बरोबर ठरताना पाहण्यात जो कोरडा आनंद आहे, त्यावर तिने आयुष्याची बरीच वर्षे काढली होती. या वेळी तिने आपला अंदाज चुकावा अशी इच्छा केली. इच्छेचा बुरशीवर परिणाम होत नाही, हे तिला ठाऊक होते. आईच्या मातीतली रोपे एका अंगाने पिवळी पडली, बाकीची हिरवी राहिली. खोडाचे तुकडे काचेच्या बशीत ठेवल्यावर त्यांतून पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली बुरशी वाढली. सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्याच्या पात्यांसारखे वाकलेले बीजाणू दिसले. तिने खात्रीसाठी सगळे पुन्हा केले. उत्तर तेच आले.

धाकट्याला तिने फोन केला नाही. आधी बाबांना सांगायचे होते, आणि ते फोनवर सांगायचे नव्हते.

बाबा पहिल्या वाफ्यापाशी शेवंतीला आधाराच्या काठ्या बांधत होते. दोरी दातांत धरल्यामुळे त्यांनी तिचे स्वागत भुवयांनीच केले. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली.

"बाबा, मर या वाफ्यात आहे."

त्यांनी दोरी तोंडातून काढली. "इथे? एक पान पिवळं दाखव."

"शेवंतीला ती लागत नाही. पण मातीत असते. वर्षानुवर्षं असते, मुळांच्या आसपास, काही न करता. मग ती ओंजळीतून दुसऱ्या वाफ्यात जाते. तिथे कार्नेशन असतं."

बाबांनी गाठ पूर्ण केली. मग त्यांनी आपले हात पालथे करून पाहिले, पुन्हा उताणे करून पाहिले. नखांत माती होती.

"तुझी आई तीस वर्षं हेच करत होती," ते म्हणाले. "तेव्हा कुठे मेलं काही?"

"तेव्हा या मातीत मर नव्हती. नंतर आली. आई गेली त्या सुमारास." ती थांबली. "या वाफ्यात शेवंतीच्या आधी काय होतं?"

"कार्नेशन. तिनंच लावलेली. शेवटची."

"ती रोपं कुठली?"

"जुन्याच ओळखीची. त्यानं तेव्हा रोपवाटिका कुठे बदलली होती?" एवढे बोलून आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले.

"त्यांतली काही सुकली होती का?"

बाबा वाफ्याच्या कडेवर बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"ती पलंगावर होती," ते म्हणाले. "शेवटी शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं घशाखाली. इकडे बघायला कोण होतं? मी आलो तेव्हा दोन-चार झाडं मान टाकून होती. मला वाटलं, पाणी नाही मिळालं. पाणी घातलं. तरी नाही उठली. मग तुझी आई गेली." त्यांनी शेवंतीच्या एका पानावरची धूळ अंगठ्याने पुसली. "तिच्या हातची झाडं होती गं. मला नाही उपटवली. उभी सुकली, तशीच राहू दिली. पार काड्या होऊन मातीत मिसळेपर्यंत."

 बाबांनी नव्या वाफ्यावर ओंजळ नेताना वेचून फेकलेला तो काडीचा तुकडा थोरलीला आठवला.

"आणि ती असती तर," बाबा म्हणाले, "तर त्याच दिवशी उपटून जाळली असती. दुखणेकरी झाड तिला अर्धा दिवस खपत नसे. माझ्यावरच ओरडली असती, बघत काय बसलात म्हणून."

"हो," थोरली म्हणाली. "ओरडली असती."

"आता या वाफ्याचं काय?"

"माती काढावी लागेल. सगळी. खोलवर."

"शेवंतीसकट?"

"शेवंतीसकट."

त्यांनी मान हलवली. काचघराच्या पलीकडच्या टोकाला धाकटा मेलेल्या वाफ्यातली झाडे पोत्यात भरत होता. एक झाड उपटले की मुळाची माती झटकायची नाही, असे थोरलीने शिकवले होते आणि तो ते काटेकोरपणे पाळत होता. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले.

"त्याला मी सांगू?" तिने विचारले.

"नको. तू बस इथे." ते उठले, आणि दोन पावले जाऊन परत आले. "नीट सांग मला एकदा. शास्त्रातलं. मध्ये माझं काही येऊ देऊ नकोस. त्याला तसंच सांगायचंय."

तिने सांगितले, आणि बाबांनी ते शाळेतल्या मुलासारखे मनात घोकले. आईच्या शेवटच्या दिवसांत जुन्या वाफ्यातली काही कार्नेशन मर रोगाने सुकली. पहिला बीजाणू कुठून आला हे आता सांगता येणार नाही. बहुधा जुन्या रोपवाटिकेच्या रोपांतून. ती झाडे उपटली गेली नाहीत, म्हणून बुरशी मातीत मुरली. तिथे लावलेल्या शेवंतीवर ती दिसली नाही. त्यानंतर प्रत्येक नव्या वाफ्याच्या दाराकडच्या टोकाला त्या मातीची एक ओंजळ घातली गेली, आणि मर तिथूनच सुरू झाली. धाकट्याने आणलेल्या रोपांचा यात काही संबंध नव्हता. ओंजळ बाबांची होती.